बटनचं गुरगुरणं

१० जानेवारी, शनिवार

बटन नसीमआपाला चावला.

दुपारी तीनच्या सुमाराला. आपा तिच्या मशीनवर, मी कटिंगला. बॉबिन घरंगळत टेबलाखाली गेली, आपा ती उचलायला वाकली. खाली आमचा कुत्रा बटन त्याच्या वाटीजवळ शिळी भाकर चघळत पडलेला. आवाज नाही, काही नाही. एकदम हातच धरला. उजवा. अंगठा आणि बोटाच्या मधल्या मांसात दोन दात, खोल.

आपा ओरडली नाही. ‘या अल्ला’ एवढंच म्हणाली आणि हात छातीशी धरून खाली बसली. मी बटनला मागच्या अंगणात कोंडलं, डब्यातली मूठभर हळद आणून जखमेत दाबली, ऑटो थांबवला, सरकारी दवाखाना.

तिथल्या सिस्टरने पहिलं काम केलं ते हळद काढायचं. नळाची धार, साबण, घड्याळ पाहून पंधरा मिनिटं. मला म्हणाली, “हळद, चुना, तिखट, कायबी भरत जाऊ नका. साबण अन् पाणी. हे घरीच करायचं असते, इथं येईपर्यंत कायले थांबल्या?” मग दोन्ही दंडांत सुया, आणि एक औषध थेट जखमेच्या भोवती. ते देताना आपाने माझा दंड असा धरला की वळ उठले. टाका घातला नाही. अशा जखमेला लगेच घालत नाहीत म्हणे.

सिस्टरने विचारलं, कुत्रा पाळलेला का. हो. त्याला लस दिलेली आहे का.

मी म्हणाले, दिली आहे.

लगेच म्हणाले. विचार केलाच नाही.

त्यांनी लिहून घेतलं, पण इंजेक्शनातलं एकही कमी केलं नाही. “दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. मारू नका, सोडून देऊ नका. खाते का, पिते का, वागणं बदललं का ते पाहा. काही वेगळं दिसलं की तडक या.”

वेळेत पोचलो. निदान एवढं झालं. आठ वर्षं आपा त्या दुसऱ्या मशीनवर बसते, भिंतीला भिंत लागून घर, आणि माझ्याच घरात तिला हे.

११ जानेवारी, रविवार

सकाळी कपाटात बटनचं कार्ड शोधलं. शेवटची सुई दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरची. पुढची तारीख समोरच लिहिलेली. गेलं वर्ष कोरं. लग्नसराई होती, मग शाळेचे ड्रेस, मग दिवाळी. ‘जाऊ पुढच्या आठवड्यात.’ असे किती आठवडे गेले.

यांना दाखवलं. हे हातात कार्ड घेऊन नुसते बसले. तीन वर्षांपूर्वी खाणीच्या रस्त्यावरून डब्याच्या पिशवीत घालून यांनीच आणला होता त्याला. कपाळावर गोल काळा ठिपका, शर्टाच्या बटनाएवढा. आता तो ठिपका रुपयाएवढा झालाय.

हे म्हणाले, “सुटीच आहे आज. गाडीवर बसवतो अन् जंगलाच्या बाजूनं सोडून येतो. कटकट नको.”

“अन् आपाले काय सांगू? कुत्रं कुठं गेलं, जित्तं हाय का मेलं, मले नाही माहीत?”

यांनी मग आवळ्याच्या झाडाला लांब दोर बांधून दिला. बटनने सकाळी दूध-भाकर, संध्याकाळी भात खाल्ला. पाणी प्याला. कॅलेंडरवर टिक केली.

१२ जानेवारी, सोमवार

हमीदभाई आले. आपाचे मिस्टर. मोटर रिवायंडिंगचं दुकान सोडून भर बाजाराच्या वेळी आले म्हणजे ठरवूनच. आत बसले नाहीत, दारातच.

“भाभी, तुमचं-आमचं आजवर कधी वाकडं नाही. पन तिचा हात पाहा जाऊन. कोपरापर्यंत सुजला. तिच्यावर घर नाही चालत माझं, पन तिचं मन चालते त्या शिलाईवर. ते जनावर हटवा. तुमच्यानं होत नसन तं मी मानूस पाठवतो.”

मी म्हणाले, मला दहा दिवस द्या. तो दहा दिवस धड राहिला म्हणजे आपाला त्याच्यापासून धोका नाही, हे पक्कं कळेल. मारला तर कधीच कळणार नाही. त्यांनी विचार केला. मिस्त्री माणूस. जळालेली मोटर फेकून दिली तर ती कशाने जळाली हे कळत नाही, एवढं त्यांना कळतं.

“दहा. मंग पाहू,” म्हणाले.

जाताना विचारलं, “सुई तं दिली हाय ना त्याले?”

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही सांगता येणार नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

आपाची दुसरी सुई. बरोबर गेले. सूज उतरते आहे, बोटं हलतात. जीव जरा खाली बसला.

दवाखान्याच्या बाकावर सांगून टाकलं. नंबर यायचा होता, शेजारी एक बाई लेकराला पेरू सोलून देत होती. मी म्हणाले, आपा, बटनची लस चुकली आहे. वर्ष झालं. मी त्या दिवशी खोटं बोलले.

आपा वळून म्हणाली, “मंग तवा काहून म्हनली, दिली म्हनून?”

“लाज वाटली.”

“माह्या जिवाचं होतं वंदना. तुह्या लाजेचं नव्हतं.”

आत मी सिस्टरलाही सांगितलं. तिने कागदावर खोडून पुन्हा लिहिलं. म्हणाली, उपचार तोच आहे, बदलत नाही काही, आम्ही कुत्रं चावलं की पूर्णच देतो. हे ऐकून मला रडू आलं. आपा माझ्याकडे न पाहता बाहेर गेली. ऑटोत दोघी दोन टोकांना.

तरी बरं वाटतंय. वाईटच वाटतंय, पण बरं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. हळदीकुंकवाच्या काळ्या साड्यांवरचे ब्लाऊज, सहा बाकी. एकटीने. आपाच्या मशीनवर कव्हर घातलेलं. सगळ्या बायका विचारतात, आज त्या कुठे. सगळ्यांना खरं सांगितलं. एक जण आपला ब्लाऊज अर्धा शिवलेलाच उचलून घेऊन गेली. जाऊ दे.

बटन: खाल्लं, प्याला, शेपटी हलवली. चार टिका.

१५ जानेवारी, गुरुवार

जनावरांच्या दवाखान्यात. अस्तराच्या पट्टीची मुसकी शिवली होती, ती बांधून नेला. डॉक्टर मॅडम एका म्हशीच्या मागे कोपरापर्यंत हात घालून उभ्या. तशाच म्हणाल्या, “बोला, ऐकतेय मी.”

सगळं सांगितलं. लस आता देणार नाहीत. दहा दिवस होऊ द्या, मग. हात धुऊन बटनचे कान, दात पाहिले. मग विचारलं, “चावायच्या आधी गुरगुरला होता?”

नाही. एक आवाज नाही.

“कधीच गुरगुरत नाही?”

मी सांगितलं, आधी फार गुरगुरायचा. वाटीजवळ कोणी गेलं की. मी लाकडी पट्टीने मारून मारून ती सवय सोडवली. वर्ष झालं, गुरगुर बंद. सुधारला म्हणून सगळ्यांना कौतुकाने सांगत होते.

मॅडमनी हात पुसले. “ताई, गुरगुरणं म्हणजे तो सांगत होता, लांब राहा, मला भीती वाटते. सांगितलं की मार बसतो, हे तुम्ही त्याला शिकवलं. भीती कुठं गेली? तिथंच आहे. फक्त आता तो सांगत नाही.”

घरी येताना दुकानात काही घ्यायचं होतं. काय ते आठवेना. तशीच आले.

दिवसभर साखळी, तीसुद्धा मशीनच्या पायाला, माणसांच्या जाण्यायेण्यात. खाणं तिथंच, झोपणं तिथंच. आणि मी म्हणत होते, घरातलाच आहे तो आमच्या.

१७ जानेवारी, शनिवार

तिसरी सुई. आपा हमीदभाईंबरोबर गेली, मला बोलावलं नाही. जाताना दिसली. पट्टी लहान झाली आहे.

पट्टी हा शब्द लिहिला आणि लाकडी पट्टी आठवली. ती आता वरच्या फळीवर टाकली आहे. मापाला टेप आहे.

१८ जानेवारी, रविवार

बटनने सकाळी खाल्लं नाही.

दुपारीही नाही. पाणी हुंगलं आणि सोडलं. तोंडाला लाळ. आवळ्याखाली कोपऱ्यात तोंड घालून बसला, हाक मारली तर नुसता डोळा हलवला. हे म्हणाले, “ऊन लागलं असन.” जानेवारीत कुठलं ऊन.

पहिलं मनात काय आलं ते लिहून ठेवते: आपाला आज सांगू नये, उद्यापर्यंत पाहावं. कदाचित खाईल.

चपला घातल्या आणि गेले. पहिल्यांदाच तिच्या दारात गेले त्या दिवसानंतर. हमीदभाई आणि आपा जेवत होते. सांगितलं: सकाळपासून खात नाही, लाळ गळते, डॉक्टर मॅडमना फोन लावला आहे, त्या येते म्हणाल्या. आपाचा हात ताटातच थांबला. डावा. उजव्याने अजून जेवता येत नाही तिला.

हमीदभाई उठून उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, “मी येतो पाह्यले.” आले, लांब उभे राहून बराच वेळ बटनकडे पाहत राहिले.

मॅडम पाचला आल्या. जवळ न जाता आधी पाहिलं, चालवलं, पाणी ठेवलं. पोट दाबायला मुसकी बांधणार तोच बटनने पाठ वाकवली आणि ओकला. लांबच लांब, हिरवं. अस्तराचा तुकडा, वीतभर, आणि दोऱ्याचा गोळा. मुसकी शिवताना अंगणात पडलेली कात्रण.

मॅडम हसल्या. हमीदभाई खाली वाकून काडीने ते हिरवं अस्तर उलटंपालटं करून पाहत होते. “टू बाय टू हाय भाभी, पक्कं सुती कापड,” म्हणाले. मी हसले की रडले, माहीत नाही. भिंतीपलीकडून आपाचा आवाज, “काय झालं? कोनी सांगा ना वं!” दोघांनी एकदमच सांगितलं.

साडेसहाला बटनने भात मागितला. मॅडमनी थोडाच द्यायला सांगितला आहे. टिक मोठी केली. कात्रणं झाडून डब्यात, झाकण घट्ट.

२० जानेवारी, मंगळवार

दहा.

सकाळी नऊलाच दवाखान्यात. मॅडमनी पाहिलं, सगळं नीट. लस दिली, नवं कार्ड, पुढच्या वर्षीची तारीख लाल पेनाने. यांनी ती तारीख लगेच फोनमध्ये टाकली, स्वतःहून. नसबंदीचंही विचारून आलो. मार्चमध्ये या म्हणाल्या.

कार्ड घेऊन आपाकडे. हमीदभाईंनी चष्मा लावून वाचलं, मागची बाजूही वाचली. आपाने डोळे मिटून दुवा केली. मग मला पाणी दिलं. दहा दिवसांनी तिच्या हातचं पाणी.

मी विचारलं नाही, येशील का.

घरी येऊन दुपारी आडवी झाले ती पाचला उठले. शिवणाच्या घरात आजवर कधी दुपारची झोपले नव्हते.

२५ जानेवारी, रविवार

नवीन रीत:

वाटी मागच्या अंगणात, भिंतीच्या कोपऱ्यात. तो खात असताना त्या बाजूला कोणी जायचं नाही. मीसुद्धा नाही.

त्याच्या तोंडातलं काही काढायचं तर आधी भाकरीचा तुकडा दाखवायचा, मग ते सोडतो. ओढाओढ नाही. आज माझी चप्पल परत केली, बदल्यात गूळ-भाकर. सौदा पक्का आहे त्याचा.

सकाळ-संध्याकाळ फिरायला. रस्त्यात घाण केली की कागदात उचलायची. पहिल्या दिवशी गल्ली पाहत उभी राहिली. एक म्हातारी म्हणाली, “काय वेचून राह्यली माय?” सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

यांनी सुटीत जुन्या फळ्यांचं अर्धं फाटक केलं, मशीनची खोली आणि मागची बाजू यांच्या मध्ये. बिजागरी वाकडी लागली आहे, पण लागते.

१ फेब्रुवारी, रविवार

पौर्णिमा. विहारातून येईपर्यंत बटन फाटकामागे पोत्यावर बसलेला. ‘जागेवर’ म्हटलं की पोत्यावर जातो. दहापैकी सहा वेळा. मॅडम म्हणाल्या होत्या पंधरा दिवसांत शिकेल. आमचा जरा ढ आहे. किंवा मी. एका वेळी पाच मिनिटंच घ्यायचं, चिडलो की थांबायचं. काल मी चिडले, ओरडले, तो मागे सरकून भिंतीला चिकटला. तिथेच बंद केलं. त्याचं ते चिकटणं पाहवलं नाही. वर्षभर रोज पाहत होते, तेव्हा दिसलं कसं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गॅसवाला सिलिंडर घेऊन मागच्या दाराने आला. बटनची वाटी भरलेली. गॅसवाला दोन पावलं पुढे, आणि बटन गुरगुरला.

खोल, पोटातून. वर्षाने ऐकला तो आवाज.

हात आपोआप वर गेला माझा. तसाच खाली घेतला. गॅसवाल्याला म्हणाले, “दादा, तिथंच थांबा. त्याले खाऊ द्या.” तो थांबला. बटनने मान खाली घातली आणि खायला लागला.

“असा कुत्रा कायले ठेवता बाई, गुरगुरते तं?” गॅसवाला म्हणाला.

त्याला चहा दिला. दोन बिस्किटंही.

७ फेब्रुवारी, शनिवार

शेवटची सुई. या वेळी आपाने भिंतीवर टकटक करून बोलावलं. “चाल, जाचं हाय ना?” एवढंच. मी तयारच होते.

सिस्टरने ओळखलं. आपाचा हात उलटा-सुलटा पाहिला, अंगठा वाकवायला लावला. वाकतो. टोकापर्यंत नाही, पण वाकतो. “सुई धरता येते का?” आपा म्हणाली, “धरता येते. ओवता नाही येत अजून.” सिस्टरने मऊ चेंडू दाबायचा व्यायाम सांगितला. कार्डावर सगळे रकाने भरले.

बाहेर रसवंती लागली होती. दोघींनी रस घेतला. आपाने विचारलं, “आता कसं हाय ते?” ‘ते’ म्हणजे बटन. नाव घेत नाही ती. मी सांगितलं: गुरगुरला परवा. तिचा ग्लास अर्ध्यात थांबला. मग सगळं समजावून सांगितलं, मॅडम काय म्हणाल्या ते, माझ्या पट्टीचं, गॅसवाल्याचं. तिने ऐकलं.

“म्हंजे तुनं त्याले मुकं केलतं,” ती म्हणाली.

“हो.”

“अन् हात माहा गेला.”

तिने तिच्या रसातला बर्फ माझ्या ग्लासात टाकला. तिला दाताला थंड लागतं, नेहमीच टाकते.

११ फेब्रुवारी, बुधवार

‘जागेवर’ दहापैकी नऊ. यांच्या हाकेला दहापैकी दहा. मला काही बोलायचं नाही.

त्या दिवशी अर्धा ब्लाऊज घेऊन गेलेली बाई परत आली. दुसरीकडे बाही चुकली म्हणे. फाटकापलीकडे बटन पोत्यावर, ती इकडे. माप देताना तिने तीनदा मागे पाहिलं. तिला म्हणाले, ताई, घाबरत असाल तर मी त्याला अंगणात नेते. म्हणाली, “राहू द्या, तो तं माह्याकडं पाह्यतबी नाही.”

१६ फेब्रुवारी, सोमवार

अकराच्या सुमाराला आपा आली. पुढच्या दारात उभी राहिली, ओढणी कमरेला खोचून. “रोजे लागून राह्यले दोन-तीन दिवसांत. ईदच्या कपड्याचं कटिंग आता नाही केलं तं कवा करतं?”

म्हणाले, ये.

“थांब. आधी ते कुठं हाय ते दाखव.”

फाटक दाखवलं, कडी दाखवली. बटन उभा राहिला होता. ‘जागेवर’ म्हणाले. माझा आवाज बारीक आला. तो बसला नाही. पुन्हा म्हणाले. पोत्यावर गेला, दोनदा फिरला, बसला. आपा दारातून सगळं पाहत होती.

मग ती उंबऱ्याच्या आत आली. दोन पावलं. तिथेच वेताच्या मोड्यावर बसली, दाराशी, पाय बाहेर पडायच्या दिशेने. मी ईदची कापडं तिच्यापुढे टाकली. तासभर ती डाव्या हाताने खडू धरून खुणा करत राहिली, मी कापत राहिले. मधेच बटनने कुशी बदलली. आपाचा खडू मोडला. ती उठली नाही.

जाताना मी म्हणाले, “उद्या येशील?”

“आता कायले विचारते? उद्याचं उद्या.” चपला घालताना एका हाताने भिंत धरली. ओटा उतरली, परत वळली. “पन माह्या मशीनले तेल देऊन ठेव. महिना झाला, जाम झाली असन.”

कव्हर काढलं. चाक खरंच जड झालं होतं. भोकाभोकांत तेल सोडलं, चिंधी घालून दहा-बारा टाके मारून घेतले, म्हणजे उद्या कोणाच्या कपड्यावर डाग नको.